उठल्याबरोबरचा आकडा

मला दमा आहे. वय चोपन्न. सत्तावीस वर्षं बंगळूरमध्ये राहतो आहे, त्यातली सोळा येलहंक्यात. निदान होऊन सहा वर्षं झाली आणि गेल्या नोव्हेंबरात पाच दिवस मी रुग्णालयात होतो.

ज्यांचा श्वास माझ्यासारखाच ऋतूंबरोबर वरखाली होतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं मी देणार नाही. ती तुमच्या डॉक्टरांनी सांगायची. मी माझी एक चूक सांगणार आहे. ती मी सहा वर्षं, रोज, अत्यंत काळजीपूर्वक केली. ती पकडली एका बाईंनी आणि पकडल्यावर तिचं काय करायचं ते दाखवलं दुसऱ्या बाईंनी. त्या दोघींबद्दल मला जे वाटतं ते तोंडावर नीट सांगता आलेलं नाही, म्हणूनही हे लिहिणं.

नाव कळलं तो दिवस

मी एका सरकारी कारखान्याच्या मापन प्रयोगशाळेत काम करतो. दाबमापक, तापमापक, वजनकाटे खरं सांगतात की नाही हे तपासून त्यांना दाखला देणं हे माझं काम. एखादा आकडा कशावरून आला हे कळल्याशिवाय मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, असा माझा समज होता.

दर डिसेंबरला मला खोकला धरायचा. बेळगावला आमच्या घरी कुणाला दमा नव्हता, त्यामुळे मी त्याला ‘बंगळूरची सर्दी’ म्हणायचो आणि फेब्रुवारीत ती आपोआप जायची. सहा वर्षांपूर्वी मात्र मल्लेश्वरमच्या मेट्रो स्टेशनचा जिना चढताना मी अर्ध्यात थांबलो. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. माझी बायको सुनंदा तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. तिनं त्याच संध्याकाळी मला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी यंत्रात फुंकायला लावलं, औषध दिलं, पुन्हा फुंकायला लावलं आणि म्हणाल्या, दमा. मी विचारलं, नक्की का? त्या म्हणाल्या, नक्की. दमा म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन ओट्यावर बसलेला म्हातारा, हे चित्र माझ्या डोक्यात होतं. परतीच्या बसमध्ये हेब्बाळ येईपर्यंत मी त्या म्हाताऱ्याच्या जागी स्वतःला बसवून बघत होतो. सुनंदा एवढंच म्हणाली, “बरं झालं. नाव तरी कळलं.”

वही

डॉक्टरांनी एक वीतभर प्लॅस्टिकची नळी दिली. छातीभर श्वास घ्यायचा, एका दमात जोरानं फुंकायचं, नळीवरचा काटा पुढे सरकतो. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. माझा उत्तम आकडा साडेचारशे. तीनशे साठच्या खाली गेला तर सावध व्हायचं, सव्वादोनशेच्या खाली गेला तर थेट रुग्णालय.

असं काम मला कुणी दिलं की मी खूश असतो. मी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, आकडा, रात्रीचं किमान तापमान, पाऊस, ढग की ऊन, धुकं, वारा. सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

नोंदीची पद्धतही ठरवली. आमच्या प्रयोगशाळेत कुठलंही यंत्र थंड असताना वाचत नाहीत. चालू करायचं, अर्धा तास तापू द्यायचं, काटा स्थिर झाला की मग वाचायचं. मी स्वतःलाही तीच शिस्त लावली. सहाला उठायचं, गरम पाणी प्यायचं, वाफ घ्यायची, श्वास लगेच मोकळा करणाऱ्या निळ्या पंपाचे दोन फवारे घ्यायचे, अर्धा तास शांत बसायचं आणि सातच्या ठोक्याला फुंकायचं. आकडे सुरेख यायचे. चारशे वीस, चारशे तीस, चारशे पंचवीस. डॉक्टरांनी वेळ विचारली की मी सात सांगायचो. त्याआधी काय करता हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

माझं वार्षिक वेळापत्रक

बंगळूरची हवा चांगली, असं बाहेरचे लोक म्हणतात. थर्मामीटर बघितला तर खरंच आहे. पण श्वासनळ्यांना तापमानापेक्षा बदल जास्त कळतो. मार्चमध्ये रस्त्याकडेची झाडं फुलतात आणि कोरडी धूळ उडते. एप्रिल-मेमध्ये दुपारी भाजून निघतं, संध्याकाळी वादळी पाऊस येतो आणि तासाभरात स्वेटर शोधावा लागतो. जून-जुलैत भुरभुर आणि वारा. मग नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागराकडून ढग येतात आणि चारचार दिवस ऊन दिसत नाही. आमच्या उत्तरेकडच्या खोलीच्या भिंतीवर तेव्हा काळी बुरशी धरते. जानेवारीत येलहंक्याला सकाळी धुकं असतं, समोरची इमारत दिसत नाही.

पहिल्या दोन वर्षांत माझा खोकला डिसेंबरच्या मध्यावर सुरू झाला आणि जानेवारीअखेर संपला. मी त्यावरून निष्कर्ष काढला. रोज घ्यायचा जो दुसरा पंप असतो, आतली सूज दाबून ठेवणारा, तो मी फेब्रुवारीत बंद करायचो आणि एक डिसेंबरला सुरू करायचो. डॉक्टरांनी तो बारा महिने घ्यायला सांगितला होता. पण वहीत चारशेच्या वर आकडे दिसत असताना औषध कशासाठी, हा माझा हिशेब.

पुढच्या वर्षांत खोकल्याची सुरुवात अलीकडे सरकत गेली. एकदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एकदा नोव्हेंबरअखेर. शेवट मार्चपर्यंत लांबला. सहा वर्षं आणि एक माणूस, एवढ्यावरून शहराचं हवामान बदललं असं मी लिहिणार नाही; तेवढी माझी वही मोठी नाही. एवढंच म्हणतो की माझ्या छातीचा ऋतू जागचा हलला होता आणि मी कॅलेंडर धरून बसलो होतो.

नोव्हेंबर

त्या आठवड्यात सलग पाच दिवस आभाळ उतरलेलं होतं. सुनंदाला सर्दी झाली, दोन दिवसांनी मला. वहीत आकडे होते चारशे पाच, तीनशे नव्वद, तीनशे ऐंशी. मी तिला म्हणालो, काळजीचं कारण नाही. तेवढं वाक्य बोलताना श्वास घ्यायला मी दोनदा थांबलो होतो, हे तिनं नंतर सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला वाफेच्या भांड्यावरून मला मान वर करता येईना. निळा पंप घेतला, काही झालं नाही. पुन्हा घेतला. छातीवर कुणीतरी पट्टा आवळत होतं. सुनंदानं मला धरून खाली आणलं आणि रिक्षा थांबवली. त्या रिक्षावाल्यानं माझ्याकडे एकदा आरशात बघितलं आणि सर्व्हिस रोडनं गाडी अशी काढली की मी एरवी त्याला रागावलो असतो. “स्वल्प सार, स्वल्प,” एवढंच तो वाटभर म्हणत राहिला. थोडंच राहिलं. तो आवाज मी धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तो माझी रिक्षात राहिलेली एक चप्पल घेऊन वॉर्डात आला, खाटेखाली ठेवली, नाव न सांगता गेला.

रुग्णालयात पोचलो तेव्हा आकडा एकशे साठ होता. भीती कशी असते हे मला त्या दिवशी कळलं. मरणाचा विचार वगैरे मनात नव्हता. पुढचा श्वास, आणि त्याच्या पुढचा, एवढंच जग उरलं होतं. नाकावर मुखवटा, त्यातून औषधाची वाफ, दंडात सुई. सुनंदा माझ्या पायाशी उभी राहून माझ्या छातीचे श्वास मोजत होती. ओठ हलताना दिसत होते.

रेणुका सिस्टर

वॉर्डात दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. ताप, नाडी, रक्तदाब, वाफ, इडली, डॉक्टर, पुन्हा वाफ. शेजारच्या खाटेवर मुनियप्पा म्हणून निवृत्त बसचालक होते. मी फुंकलं की ते क्रिकेटची मॅच चालू असल्यासारखं विचारायचे, “स्कोर एष्टु, सार?” मी म्हणायचो दोनशे दहा. ते म्हणायचे, सरी, ठीक आहे, पिच ओलं आहे, सावकाश खेळा. हसलो की मला खोकला यायचा, म्हणून त्यांची बायको त्यांना गप्प करायची.

श्वासाच्या रुग्णांकडे बघणाऱ्या परिचारिका रेणुका अथणीकडच्या. वॉर्ड त्यांना रेणुकाक्का म्हणायचा. मी बेळगावचा कळल्यावर त्या आमच्या भागातलं मराठी बोलू लागल्या. तिसऱ्या दिवशी मी सुनंदाकडून वही मागवली आणि त्यांना दाखवली. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला दाखवली. त्यांनी ती उभ्या उभ्या नाही, स्टूल ओढून, बसून वाचली. पंधरा मिनिटं. सहा वर्षांत ती वही इतक्या लक्षपूर्वक कुणी वाचली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यापासून सातपर्यंत काय काय करता, क्रमानं सांगा. मी अभिमानानं सांगितलं. पाणी, वाफ, फवारे, अर्धा तास. यंत्र तापवण्याचंही समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी डोळे उघडले तेव्हा त्या नळी घेऊन उभ्या होत्या. पाणी नको, वाफ नको, तोंडही धुवायचं नाही, फुंका. आकडा आला दोनशे पन्नास. त्यांनी तो वहीत माझ्याच रकान्यात लिहिला. मग वाफेचं औषध दिलं, अर्धा तास बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. तीनशे सत्तर. तोही शेजारी लिहिला.

“सर, वही लई चांगली ठेवलासा,” त्या म्हणाल्या. “पण हा आकडा तुमचा नव्हे. पंपाचा हाय.”

मी वही हातात घेऊन बसलो. एकाच माणसाचे, एकाच सकाळचे दोन आकडे, मधे एकशे वीसचं अंतर. सहा वर्षं मी औषध किती चांगलं काम करतं हे नोंदवत होतो आणि त्याला माझी तब्येत समजत होतो. दम्यात पहाटे नळ्या सगळ्यात जास्त आवळलेल्या असतात. नेमकी तीच वेळ मी दुरुस्त करून मग मोजत होतो. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याचा दाखला फाडला असता.

रेणुका सिस्टरांनी मला एका शब्दानं लाजवलं नाही, ही गोष्ट मी रोज आठवतो. चूक सांगायला त्यांना एक मिनिट पुरलं असतं. त्यांनी रात्रभर थांबून ती मला मोजून दाखवली, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत मला पटणार नाही हे त्यांनी वही वाचून ओळखलं होतं. मी माफी मागितली तर म्हणाल्या, माफी कशाची, एवढी वही ठेवणारा पेशंट मला मिळत नाही, फक्त वेळ बदला.

बदलीचा अर्ज

घरी आलो ते एक निश्चय करून. आमच्या कारखान्याचं एक लहान युनिट उत्तर कर्नाटकात आहे, कोरड्या उन्हाच्या गावात. मार्चपर्यंत अर्ज केला की एप्रिलमध्ये बदली होते. मी अर्ज दिला. कारण लिहिलं, बंगळूरचं हवामान मानवत नाही. डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, कोरड्या गावात तिथली वेगळी धूळ असते. काहींना बरं वाटतं, काहींना नाही. मी खात्री देणार नाही.

सुनंदाची त्या शाळेत एकवीस वर्षं झाली आहेत. मी अर्ज देऊन आल्यावर तिला सांगितलं, आधी नाही. ही माझी दुसरी चूक, आणि हिला मापनशास्त्र जबाबदार नाही.

तिनं आवाज चढवला नाही. “कशावरून ठरवलंत?”

“वहीवरून. सहा वर्षांची नोंद आहे.”

“चुकीच्या यंत्राच्या नोंदी निघाल्या तर तुम्ही प्रयोगशाळेत काय करता?”

“रद्द करतो.”

“मग करा ना रद्द. त्याच वहीवरून गाव कसं सोडता?”

मी जे बोलू नये ते बोललो. श्वास मला लागतो, तुला नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चेन्नईला शिकणाऱ्या मुलीला आम्ही दोघं आपापली बाजू फोनवर वेगवेगळी सांगत होतो आणि ती बिचारी दोघांनाही हो म्हणत होती. आजार एकाच्या छातीत असतो, पण घरातल्या प्रत्येकाला चालताना तो वळसा घालून जावा लागतो.

तिसऱ्या दिवशी सुनंदानं नवी वही समोर ठेवली. रकाने तिनं आखले होते. उठल्याबरोबरचा आकडा, मग हवामान माझ्या जुन्या पद्धतीनं, आणि शेवटी दोन नवे रकाने: ‘घरात सर्दी’ आणि ‘वर्गात गैरहजर’. म्हणाली, पाच दिवस ऊन नसलं की मुलं खिडक्या लावून बसतात आणि पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग खोकतो. तुमच्यापर्यंत हवा पोचायच्या आधी माझ्या वर्गात पोचते. मार्चपर्यंत खरे आकडे लिहा. त्यानंतरही जायचं असेल तर बोलू.

हवामानाचे एवढे रकाने आखून मला हा रकाना सहा वर्षांत सुचला नव्हता.

खरे आकडे

पहिले काही आकडे बघवत नव्हते. तीनशे दहा, तीनशे, तीनशे वीस. पूर्वीच्या चारशे वीसची सवय झालेल्या माणसाला रोज सकाळी नापास झाल्यासारखं वाटायचं. एकदोनदा मी वाफेच्या भांड्याकडे बघितलंही. पण रोजचा पंप आता कॅलेंडर न बघता रोज घेत होतो, आणि डिसेंबर सरता सरता उठल्याबरोबरचा आकडा तीनशे नव्वदवर आला. गेल्या सहा वर्षांतले ते माझे पहिले स्वतःचे तीनशे नव्वद.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आभाळ उतरलं. धुकं दहापर्यंत हटेना, बोचरा वारा. नुसत्या थंडीनं आकडा फारसा हलला नाही, तीनशे ऐंशी. चौथ्या संध्याकाळी सुनंदा शाळेतून आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, आज अकरा गैरहजर, काल चार होते. दोन दिवसांनी तिचं नाक वाहू लागलं. ती मुखवटा लावून दुसऱ्या खोलीत झोपू लागली. तरी माझा आकडा तीनशे चाळीस झाला. पुढच्या सकाळी तीनशे दहा.

या वेळी मी कुणाला काळजीचं कारण नाही असं सांगितलं नाही. सावधगिरीच्या टप्प्यावर काय करायचं, याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर लावलेला होता. त्याप्रमाणे औषध वाढवलं, त्यांना फोन केला, रजा टाकली. सकाळचा आकडा बघायला सुनंदा दारात उभी राहायची, मधे हात-दोन हात अंतर ठेवून. तीनशे. तीनशे पाच. तीनशे तीस. तीनशे साठ. सातव्या दिवशी तीनशे पंच्याऐंशी. रुग्णालय नाही, सुई नाही, रिक्षा नाही.

मी जुनी वही काढली आणि तिचे आणि नवीन वहीचे आकडे शेजारी ठेवून एक संध्याकाळभर बसलो. तेच शहर, तसंच धुकं, तशीच सर्दी. या गावच्या हवेनं मला त्रास दिला हे खरं आहे आणि पुढेही देईल; पाऊस कधी येणार, थंडी कधी पडणार हे आता सांगता येत नाही, म्हणून तर बारा महिने तयार राहायचं. पण नोव्हेंबरात मला रुग्णालयात हवेनं एकटीनं नेलं नव्हतं.

सोमवारी कार्यालयात जाऊन मी बदलीचा अर्ज मागे घेतला. आस्थापना विभागातला कारकून म्हणाला, सर, दोन महिन्यांत हवा बदलली का? मी म्हणालो, नाही.

घरी आलो तेव्हा सुनंदा जमिनीवर कागद पसरून अवरेकाळूच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत होती. या दिवसांत बंगळूरमध्ये घरोघर या शेंगांचा वास असतो. मी समोर बसलो, एक मूठ घेतली आणि सोलता सोलता सांगितलं की अर्ज परत घेतला. तिनं हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले.

“मी तिथल्या दोन शाळांना लिहिलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही अर्ज दिलात त्याच आठवड्यात. एकीनं या म्हणून कळवलंय.”

दोन महिने ती माझ्याशी जाऊ नका म्हणून वाद घालत होती आणि दोन महिने यायची तयारी करून बसली होती.

“मग सांगितलं का नाहीस?”

“मी नोकरी सोडायला तयार आहे हे कळलं असतं, तर माझ्यासाठी तुम्ही आकडा आधी सजवून मग लिहिला असतात,” ती म्हणाली. “आता त्यांना नाही म्हणून कळवते. त्या शेंगा आणा इकडे, तुम्ही किडकेही ताटात टाकताय.”